प्रत बरी, एक जागा झिजलेली

मिंदेलोत, बंदरामागच्या चढावर,
दोना एर्मेलिंडाकडे ती तबकडी आहे असं कळलं,
म्हणून रॉटरडॅमहून गेलो.
पाचशेच निघाल्या होत्या. माझ्याकडे एक होती, कोरी करकरीत,
पण एकावर भागत नाही आमच्यासारख्यांचं.

बेचाळीस मिनिटांत अख्खा देश:
आधी ओसाड बेटं, नुसता वारा नि कासवं,
मग गलबतं, साखळ्या, मीठ, कोळसा,
कोरडी गेलेली सालं एकेक नाव घेऊन,
आणि शेवटी झेंडा.
मधेमधे निवेदक, हजेरी घेणारा शाळामास्तर जणू,
आणि मागे वीस खलाशांचा कोरस,
सुट्टीच्या रविवारी धक्क्यावरून गोळा केलेला.

म्हातारीनं पदराला नाही, पँटला हात पुसले
(नातवाची असावी, दुमडलेली)
आणि सुई ठेवली.
दुष्काळापाशी खर्र खर्र.
बोटभर जागा पांढुरकी, घासून घासून राख झालेली.
मी मनात किंमत निम्मी केली.
ती त्या खरखरीला कान लावून
हसली. नेमकी तिथेच.

"आदेलिनु," म्हणाली. "माझा धाकटा.
तो बाबा मेलेल्यांचा आकडा सांगतो ना,
सगळे गप्प उभे, आणि हा खोकतो.
गाण्यात त्याचा गळा कुठला, नाही सांगता येत.
खोकला मात्र आमच्या घरातलाच."
आदेलिनु परत आला नाही. त्याचं जहाजही.
बाकीचा देश तिनं एकदाच ऐकला होता.

मी किंमत दुप्पट केली. मग तिप्पट.
तिनं काचुपा वाढली, वर अंडं.
निघताना कव्हर हातात ठेवलं:
"चित्रं छान आहेत. तुला हवंय ना, घे."
तबकडी उशीच्या अभ्र्यात सरकवली.

घरी येऊन माझी प्रत काढली,
अकरा वर्षांत तीनदा लावलेली, हातमोजे घालून.
आकडा आला. शांतता.
आणि खोकला,
कोवळा, दाबलेला,
शेजाऱ्यानं कोपरानं ढोसल्यासारखा तुटलेला.
कधी ऐकलाच नव्हता.

सुई मागे नेली. पुन्हा. पुन्हा.
पाचव्यांदा हात वरच राहिला.
तबकडी फिरतेय,
खाली तो, एवढासा.