सतरा मिलिमीटर

लेस्टर. चार वाजताच अंधार,
गाडीतळावरचे दिवे ओले, पिवळे.
ट्रेमधली सहावी काच उचलते.
सतरा मिलिमीटर, दोन जागी तुटलेला,
भिजलेल्या शेवईएवढा.

अर्जावर : भानुमती पांचाल, एकसष्ट.
कावीळ, तीन आठवडे.
दारू नाही. विषाणू नाहीत. औषधं : काही नाही.
खाली डॉक्टर हॅलमच्या घाईच्या अक्षरात
नुसतं एक प्रश्नचिन्ह.

माझ्या भाषेत याला काळीज म्हणतात,
आणि काळजाचा तुकडा म्हटलं की लेकरू.
इथे तो फॉर्मॅलिनमधून येतो,
बारकोड लावून.

आधी लहान भिंग.
गावात शिरण्याआधी टेकडीवरून गाव बघावं.
वाटा मोजते. अकरा. पुरेत.
प्रत्येक वाटेच्या तोंडाशी गर्दी,
आणि वेस मोडून आत घुसलेल्या प्लाझ्मा पेशी,
केंद्रक एका कडेला सरकवून बसलेल्या.
मधूनच इओसिनोफिल,
सांडलेल्या तिखटाच्या कणांसारखे.
शिरेभोवती घरंच नाहीत.
चांदीच्या रंगात पाहिलं तर
जाळी खाली बसलेली,
दोर तुटल्या मच्छरदाणीसारखी.
लाल रंगात मात्र व्रण जवळजवळ नाहीत.
म्हणजे दुखणं जुनं नाही.
कुणीतरी नुकतंच आलंय इथे.

इमोजन शिकाऊ आहे, समोरच्या नळीतून बघते.
"शरीर स्वतःवरच उलटलंय," म्हणते.
चूक नाही. काच तेच बोलते.
पण काचेला एवढंच बोलता येतं.

मी हॅलमना फोन लावते.
त्यांना औषधं विचारू नका,
सकाळी उपाशीपोटी काय घेता, ते विचारा.
"सकाळी?"
काढा. चूर्ण. रस.
आमच्याकडे त्याला औषध म्हणत नाहीत.

मंगळवारी उत्तर आलं.
गुळवेल. भावजयीनं नडियादहून पाठवलेली.
पाच महिने, रोज अर्धा पेला,
ताकद यावी म्हणून.

अहवालात लिहिलं : शक्यता.
थांबवा, रक्त तपासत राहा.
हा एक शब्द सही करून लिहायला
मला वीस वर्षं लागली.
इमोजननं विचारलं, नक्की का?
म्हटलं, नक्की असतं तर
सुई कशाला खुपसली असती?

घरी आले. चहाच्या डब्यामागे
दुसरा डबा, चिपळूणहून आलेला,
झाकणावर चिकटपट्टी, तिच्या तिरक्या अक्षरात :
रोज एक चमचा. काळजी घे.
डबा उघडलेला नव्हता. माझा आळस.

रात्री दीडला, तिच्या सकाळी सातला, फोन केला.
आई, तू पण घेतेस का गं ते चूर्ण?
"कधीपासून! कशाला विचारतेस?
ते काय औषध आहे?"

पलीकडे पेल्यात
चमचा फिरत होता.