पंधरा नंबर

क्लाक्सविकच्या बंदरात, मासळी-गोदामाच्या माडीवर
सोल्वा रात्रपाळीला बसते.
खाली खाडीत साल्मनचे बारा पिंजरे;
दर दहा मिनिटांनी पाण्यातला प्राणवायू
एका तात्पुरत्या फायलीत उतरतो.

स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तिनं ट्रॅप लावलाय.
हा उंदराचा सापळा नव्हे.
उंबऱ्याशी निजलेलं माणूस म्हणा:
कुणी "ऊठ, निघ" म्हटलं
तर आधी फाईल पुसतो, कुलूप काढतो,
मग निघतो.

पंधरा नंबर म्हणजे विनंती.
एक नंबर: लाइन तुटली, पलीकडे कुणी नाही.
नऊ आला की आवराआवरच नसते.

पावणेतीनला पंधरा आला.
शेल हललं नाही.
त्याचं पोर झोपलं होतं, स्लीप सहाशे,
आणि पोर उठल्याशिवाय ते कुणाला ओ देत नाही.
हाक हरवत नाही म्हणा.
दाराशी चपला काढून उभी राहते.

हानूस गेला तेव्हाही असंच.
फोन आला, ती बॅकअप फिरवत होती.
"बरं," म्हणाली. उरलेल्या ओळी टाइप केल्या,
आकडे दोनदा जुळवले.
रडू फुटलं ते चौथ्या दिवशी,
समुद्राखालच्या बोगद्यात,
पाऊस नसताना वायपर चालू.

मॅन्युअलमधल्या एका नियमाशी ती दरवेळी अडखळते:
पोटची प्रक्रिया जन्मते तेव्हा
जे इशारे बापानं झेलायला शिकून घेतले
ते तिच्यापुरते कोरे होतात.
ज्यांच्याकडे त्यानं काणाडोळा केला
ते तसेच वारशाला येतात.

बापाला वाऱ्याच्या वासावरून उद्या कळायचा,
दोराचा ताण तळहाताला.
सोल्वाला यातलं काही येत नाही.
छातीतली कळ तो "गारठ्यानं" म्हणून सोडून द्यायचा.
ती डावा खांदा चोळते,
"खुर्चीमुळं," म्हणते.

दोन चोपन्नला पोर उठलं, ट्रॅप चालला.
फाईल गेली. कुलूप निघालं.
पडद्यावर एकशे त्रेचाळीस:
एकशे अठ्ठावीस, वर पंधरा.
जाणाऱ्यानं सांगून जावं, कुणाच्या बोलावण्यावरून निघालो ते.

मग तिनं स्लीपला पार्श्वभूमीत ढकललं,
खाली एक ओळ जोडली: वेट.
असं थांबलेलं शेल हाकेसरशी उठतं.

दवाखाना आठला उघडतो.
तिनं नंबर चिठ्ठीवर लिहिला,
चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवली.