तिसरं टेबल

मार्चमध्येच एक्केचाळीस. वॉर्डातला पंखा
फिरतो नुसता फिरायचं म्हणून.
पुढचं नाव वाचलं
आणि पेनाला टोपण लावलं.

"येमूल सर, हा तुम्ही घ्या."
"नात्यातला का, मॅडम?"
"तुम्ही घ्या."

नाव इथेही लिहीत नाही.
गेल्या उन्हाळ्यात भद्रावती पेठेत
माझ्या दवाखान्यात शेवटच्या नंबरला यायचा;
शेजारी माग खडखडायचे,
त्या आवाजाच्या आडोशाला बसून बोलायचा –
न येणारी झोप, विड्या वळणारी आई,
आणि कंबर तलावापर्यंत जाऊन
मागे फिरलेली ती एक रात्र.

हे ठाऊक असलेला हात
दोन गुण वाढवेल, की भीतीनं दोन कापेल?
माझं मलाच सांगता येईना.

त्यानं एकदा इकडे पाहिलं.
ओळख टाकली, असंच वाटलं असेल त्याला.
मी समोरच्या पोरीला प्लीहा विचारत राहिले,
कान मात्र तिसऱ्या टेबलाकडे:
"काका, मोठा श्वास घ्या... सोडा."
आवाज थरथरला नाही.

कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
येमूल सरांनी ती पाहिली,
चहा मागवला,
आणि काही विचारलं नाही.