रात्रभर बाहेर

उलानबातरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात,
डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी,
मी दोन गाड्यांच्या मधे उभी आहे
आणि हातमोज्यात पेन धरता येत नाही.

डावीकडे जपानहून उतरलेली हायब्रिड,
बारा वर्षांची, चंदेरी, स्टिअरिंग उजव्या हाताला.
शंभर किलोमीटरला पाच लिटर, विकणारा सांगतो,
पंजा दाखवतो,
पाचवं बोट जरा दुमडूनच.

उजवीकडे रशियन फुर्गोन,
पावासारखी फुगलेली, राखाडी.
सतरा लिटर. चढाला वीस.
उताराला नुसती घरंगळतानाही
काहीतरी पितच असते.

मी शाळेतली हिशेबनीस.
वही बॉनेटवर ठेवून मधोमध रेघ मारते.
गावापासून इथवर दोनशे दहा किलोमीटर,
शिवलेले लोकरी बूट विकायला महिन्यात दोन खेपा,
येऊन-जाऊन साडेआठशे.
म्हणजे महिन्याला शंभर लिटरचा फरक.
शंभर लिटर! उंद्रमच्या वसतिगृहाची फी त्यात निघते.

"दात कोरून पोट भरत नाही, वहिनी,"
दीर चोइजिल फुर्गोनच्या चाकाला लाथ घालतो.
"ही मोडली तर मी आहे.
मी नसलो तर वाटेवरचा कुठलाही मेंढपाळ आहे,
तार आहे, उंटाच्या केसांची दोरी आहे.
हिच्यात बिघडायला आहे काय?"

बिघडतं की. दर महिन्याला.
कधी बेल्ट, कधी पंप, कधी क्लचची तार.
सारखा हात पसरते ही,
पण मूठभरच मागते, आणि तोंडावर मागते.

मी चंदेरीकडे वळते.
"बॅटरी किती वर्षांची?"
"चांगली आहे."
"किती वर्षांची?"
"चांगली आहे हो, ताई."

नवी घालायची तर नाकापेक्षा मोती जड.
किमतीतला फरक, त्यात ती बॅटरी,
वजा वाचलेलं पेट्रोल:
तिसऱ्या हिवाळ्यात दोन्ही रकाने बरोबरीला येतात.
गणित मला तिथपर्यंत सोडतं
आणि परत फिरतं.

माझा नवरा खायला फार कमी.
खारट चहा, दोन बोर्चोग, कधी वाटीभर रस्सा.
कुरकुर नाही, दवाखाना नाही, औषधाची बाटली नाही.
शेजारणी म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई,
पोसायला स्वस्त.
मग एका फेब्रुवारीत
सगळं बिल एकदम आलं.
ते मी कुठल्या रकान्यात मांडलं
आता आठवत नाही.

विकणाऱ्याला मी एवढंच म्हटलं:
ही आज रात्रभर बाहेर ठेवा. उघड्यावर.
इंजिन तापवायचं नाही, वायर लावायची नाही.
सकाळी सातला येते. पहिल्या फटक्यात सुरू झाली
तर पैसे मोजते.

चोइजिल खूश झाला. सुरू होणार नाही, त्याला खात्री.

रात्री त्याच्या घरी, डोंगरउतारावरच्या गेरमधे,
शेगडीतला कोळसा दोनदा बदलला.
दाराबाहेरचा पारा उणे चौतीस.
सगळे झोपले. मी छताच्या गोल झरोक्यातून
धूर जाताना बघत पडले.
किती शांत उभी असेल ती.
काहीच मागत नसेल.

अडीच वाजता उठले.
बूट चढवले.
आमच्या जुन्या गाडीच्या इंजिनावर घालायचे तो बुरणूस
सामानात होता, का आणला होता कोण जाणे,
तो काखोटीला मारला
आणि टेकडी उतरून बाजाराच्या फाटकाशी गेले.

राखणदार नेर्गुई कुत्र्याला आवरत बाहेर आला.
माझ्याकडे बघितलं, बुरणुसाकडे बघितलं.
"पांघरूण घातल्यावर कुणीही सुरू होतं, ताई.
मग परीक्षा कसली?"

ठाऊक आहे, मी म्हटलं.
तेवढं फाटक उघडा.