बी की आठ

डबा अजून आहे. शोकेसमध्ये,
मुलीला खो-खोत मिळालेल्या ढालीशेजारी.
आत बिल, खडे बाजारातल्या दुकानाचा शिक्का
आणि एक स्टिकर : पंचवीस अक्षरं, पाच-पाच करून.
अकरावं माझ्याच अंगठ्यानं पुसलंय.
सेकंड शिफ्ट करून तसाच बसलो होतो त्या रात्री,
हाताला कूलंट, जिवाला धीर नाही.
बी आहे की आठ?
दोन्ही घालून बघितलं, एक लागलं.
कुठलं, ते लिहून ठेवलं नाही.

तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचा ट्रकचा गेम.
भरमा हसला. "विकत? येडा हायस काय गा?
पेन ड्राइव्ह आण, देतो की."
मी म्हटलं, नको. कुणीतरी बसून केलंय ते,
कुणाचे तरी डोळे गेलेत त्यात.
दिवसभर दहा मायक्रॉनसाठी भांडणाऱ्या माणसाला
एवढं कळतं.

मग रात्री साडेबाराला उद्यमबागेतून घरी,
ताट झाकलेलं, वडगाव निजलेलं, एखादाच माग चालू,
आणि मी बर्फातून लाकडं भरून निघायचो.
सात देश. एकाही नाक्यावर
गाडी बाजूला घे म्हणालं नाही कुणी,
पासिंग कुठलं, बोलतोस कुठली भाषा, काही नाही.
मेहुणा टेम्पो घेऊन कोगनोळीवरून रोज जातो.
म्हणाला, भावजी, असला रस्ता दाखवा की एकदा.

नाका निघाला तो घरातच.
सुरू करताना दर वेळी एक गोल फिरायचा :
तपासत आहोत.
नेट गेलं की फिरतच राहायचा,
आणि मी खुर्चीत, चपला न काढता,
स्वतःच्या वस्तूसमोर पाहुण्यासारखा.

मार्चमध्ये हेस्कॉमचा करंट एकदम वाढला.
दोन बल्ब, मिक्सर आणि मदरबोर्ड.
नवा बसवला. गोल फिरला. म्हणाला,
हा संगणक ओळखीचा नाही.
बी घातला : चुकीचं.
आठ घातला : मर्यादा संपली.
म्हणजे आठच होता. एवढं तरी कळलं.

फोन लावला. एक दाबला, तीन दाबला,
कन्नडात सांगितलं, हिंदीत सांगितलं,
बिलाचा फोटो पाठवला, डब्याचा पाठवला,
हातात डबा धरून माझाही पाठवला.
बाई शांत होती. तिच्या मागं आणखी पंधरा जणी
तेच बोलत होत्या.
"सर, गेम तुमचा नव्हताच. तुमच्याकडं परवाना होता."
होता.

मी क्रँकशाफ्ट करतो, बाई.
राजकोटला जातात, कोइमतूरला जातात.
रोज सकाळी मी त्यांच्या मागं जात नाही विचारत,
तोच मालक का, तेच इंजिन का,
पाचव्यांदा खोललंस तर सहाव्यांदा फिरणार नाही हं.
गेला माल, गेला.
ग्रीसचा डाग तेवढा माझा राहतो त्यावर.
तिनं विचारलं, आणखी काही मदत हवी का?

चोर सोडून संन्याशाला, असं आजोबा म्हणायचे.
संन्यासी मी काही नव्हे, पण
पलीकडच्या गल्लीत भरमाच्या खिडकीत
तोच बर्फ पडत होता, उशिरापर्यंत,
आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

शनिवारी गेलो त्याच्याकडं. हसला नाही तो.
पेन ड्राइव्ह दिला, चहा दिला,
म्हणाला, बिल जपून ठेव, कामाला येतंय.
कशाच्या, ते त्यालाही माहीत नव्हतं.

रात्रभर टेबलावर ठेवला, लावला नाही.
सकाळी लावला.
गोल फिरला नाही. बर्फ लगेच आला.
इंजिन लागलं, आरसे तेच, वायपर तोच,
पण खाली कोपऱ्यात शून्य,
आणि मी पुन्हा पहिल्या गावाच्या पंपावर,
नवशिक्याचा छोटा ट्रक घेऊन.

माझे चौदा हजार किलोमीटर
त्या आठच्या पलीकडं आहेत.