हुंकार

साउंड चेकला मी दहा मिनिटं शोधत होतो
कुठल्या केबलमधून येतेय ही गुणगुण.
आमच्या धंद्यात गुणगुण म्हणजे अर्थिंगचा दोष.
दोन जॅक बदलले, जनरेटरवाल्याला शिव्या घातल्या,
आणि मग दिसला
स्टेजच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलेला म्हातारा.
काशाच्या थाळीत मेणावर उभी केलेली काडी
दोन बोटांनी वरून खाली निपटत होता,
गाईचा सड ओढावा तशी. घाई नाही.
दोष तिथून येत होता.

जिवल्या भोये, सुरगाण्याच्या पलीकडून.
सोबत भाचा, हुंकार द्यायला.
यादीत त्यांच्या आधी वुकोता,
कुठल्याशा काळ्या डोंगरांच्या देशातला,
एकच तार, आणि वाद्याच्या मानेवर कोरलेलं बोकडाचं डोकं.
नंतर मालीच्या दोघी बहिणी, पालथ्या भोपळ्यावर थाप देणाऱ्या,
ज्यांनी डोंगरे मैदानावरच्या पोलिसालाही
नकळत पाय आपटायला लावलं.
प्रत्येकाला बारा मिनिटं.
सत्काराला पंचवीस.

कथा कणसरीची.
दाणे पायदळी गेले म्हणून ती रुसली,
केस बांधले, टोपलं डोईवर घेतलं,
एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला,
आणि निवेदिकेनं मला मनगटावर बोट आपटून दाखवलं.
मी फेडर खाली ओढला.
सफाईनं. कुणाला कळलंसुद्धा नाही.
देवीचा एक पाय आत, एक पाय बाहेर,
टाळ्या.

रात्री दीडला मैदान रिकामं.
मी केबलींची वेटोळी करत होतो,
कोपरापासून पंजापर्यंत, कोपरापासून पंजापर्यंत,
तर टेम्पोच्या मागं पुन्हा ती गुणगुण.
म्हातारा बसला होता डांबरावर गोणपाट टाकून.
म्हणाला, गोठ उघडी ठेवाची नाय.
ठेवली त ती मागं मागं येते, घर इचारत.

पण स्टेजवरच्या हॅलोजननं मेण वितळलेलं,
काडी उभी राहीना. तीनदा आडवी पडली.
वुकोता बाजूच्या खुर्चीवर विडी ओढत होता
(आमचीच, सिन्नरची, त्याला आवडली होती).
उठला, खिसे चाचपले,
गजाला लावायची राळ काढली, अर्धा खडा फोडून दिला.
जिवल्यानं वास घेतला, जिभेला लावला,
मेणात मळला, फुंकर मारली.
काडी उभी.
दोघांनाही दुसऱ्याचा एक शब्द येत नव्हता
आणि दोघांनीही मान डोलावली,
गवंडी ओळंबा बघून डोलावतो तशी.

भाचा केव्हाच झोपला होता मॉनिटर स्पीकरला टेकून.
हुंकाराशिवाय कथा पुढं सरकत नाही,
हे मला तेव्हा कळलं,
कारण म्हातारा थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला.
वीस वर्षं मी दुसऱ्यांचे आवाज वर-खाली केले.
माइकसमोर कधी हॅलो-चेकपुढं गेलो नाही.
म्हटलं, हूं.
अजून थांबलेला.
हूं, म्हटलं, जरा पोटातून.
मग कणसरीनं दुसरा पाय बाहेर टाकला.

ती डोंगर चढली. कणग्या रिकाम्या पडल्या.
पोरं माती चघळू लागली.
हूं.
वुकोताही देत होता, त्याच्या गळ्यातला, खरखरीत,
नेमक्या जागी. त्याला कसं समजत होतं, विचारू नका.
बहुधा त्यांच्याकडंही
कुणीतरी रुसून डोंगर चढत असणार.
नदीवरून गारवा आला, थाळीचा सूर किंचित उतरला,
सवयीनं माझं बोट
नसलेल्या नॉबकडं गेलं.

साडेचारला ड्रायव्हरनं हॉर्न दिला.
सातपूरला गोडाउन, दहाला दुसरी ऑर्डर, साखरपुडा.
ती तेव्हा कुठल्याशा माळावर, एका म्हातारीच्या दारात
पाणी मागत उभी होती.
मी टेम्पोत चढलो.
जाळीतून पाहिलं, वुकोता पुढं सरकून
माझ्या जागेवर बसला होता.

कणसरी घरी परतली का, मला माहीत नाही.
हल्ली रिकाम्या हॉलमध्ये लाइन तपासताना
गुणगुण आलीच, तर प्लग लगेच काढत नाही.
एकदा
हळूच
हूं म्हणून बघतो.