अठ्ठावीस मिलिमीटर

बाटलीवर लिहिलंय त्वचा,
आत गुलाबी.
मी त्यात विटकरी घालतो, थेंबभर काळा,
आणि काडीने ढवळत राहतो
नाचणीच्या भाकरीचा रंग येईपर्यंत.
मग उचगावच्या, सुळग्याच्या पोरांचे गाल
एकेक करून
त्या परक्या हनुवट्यांवर उतरतात.

आठवडाभर मी उद्यमबागेत साचे भरतो.
ज्या ओतीवात बुडबुडा राहिला
त्यावर खडूची फुली, परत भट्टीत.
इथे, तिसऱ्या गेटच्या अलीकडे, माळ्यावर,
मीच ओतलेल्या एकाच्या शिरस्त्राणाला भोक पडलं
तर त्याला पुढच्या रांगेत उभा करतो.
"हा मरत न्हाई बघ," इराप्पा म्हणतो.
मरतो. बहुतेक पहिल्याच फेरीत.

टेबल म्हणजे जुन्या दाराची फळी.
कडीचं भोक बुजवलेलं नाही,
तिथे विहीर आहे असं ठरलंय.
डोंगर मखरातल्या थर्माकोलचे,
झाडं दोडक्याच्या चोथ्याची,
नदीकाठाला कारखान्यातली काळी रेती.
इटली. त्रेचाळीसचा नोव्हेंबर. चिखल.

नियमांची वही दोघांनी मिळून केली,
डावी पानं माझी, उजवी त्याची, कानडीत.
'कुठून काय दिसतं' या कलमावर
दोन्हीकडे खाडाखोड.

इराप्पा हुक्केरी, निवृत्त हेडक्लार्क,
फरशीवर गुडघे टेकतो, एक डोळा मिटतो
आणि शिपायाच्या उंचीवरून बघतो.
"तुझ्या मशिनगनला काय दिसत न्हाई. मधे गोठा हाय."
"गोठ्याला खिडकी हाय खरं."
"खिडकी रंगवलेली हाय की रे. पाडलेली कुठाय?"
कुंद्याच्या डब्यात फासे खुळखुळतात.
माझे सात जण नदीत.
मेले असं आम्ही म्हणत नाही. आडवे झाले, म्हणतो,
दुपारी जेवून व्हावेत तसे.

या उन्हाळ्यापासून
तीन शून्याच्या ब्रशला मला दोन टोकं दिसतात.
शेवटचे बारा जण बिनडोळ्यांचे राहिले.
पट्टे, बटणं, बुटांवरचा गाळ, सगळं केलं;
भुवयांखाली फक्त सावली.
टेकडीमागे राखीव म्हणून लपवले होते.
त्याला ते सापडले.
त्याने एकाला चिमटीत धरून बल्बखाली फिरवलं,
खूप वेळ.
"असू दे," म्हणाला,
"एवढ्या लांबून कोण कुणाचे डोळे बघतंय."

मग बराच वेळ कुणाचीच चाल झाली नाही.
मिरजेची पॅसेंजर गेली, फळी थरथरली,
पलीकडच्या काठावरचे दोघे आपोआप पडले.
वहीत याला कलम नाही.
आम्ही त्यांना उभं केलं,
त्याने माझ्या, मी त्याच्या.

रात्री आवराआवर.
फरसाणाच्या डब्यात, जुन्या बनियनच्या कापडात
शत्रू आणि आपले एकत्रच.
तो मोजतो ओंदु, एरडु, मूरु,
मी ओठातल्या ओठात मराठीत.
एक कमी.
बॅटरी मारून कपाटाखाली बघितलं, चपलांत,
रेतीच्या बादलीत.
"लेखी घालू बेपत्ता," तो म्हणाला,
जन्मभर मस्टर लिहिलेला माणूस,
आणि कठड्याला धरून जिना उतरला.

सोमवारी पहिल्या पाळीला
भट्टी उघडली तेव्हा
रुमालासाठी खिशात हात घातला
आणि बोटांना टोचली
एक इवलीशी संगीन.

तो होता. बिनडोळ्यांचा, बारातला एक.
कथील आणि शिसं, वितळायला
ह्या भट्टीला एक उसासा पुरे.
मागून मारुती मुतगेकर ओरडला,
"धामणेकर, हाला की! लोखंड गार व्हायलंय!"

मी मुठीत त्याला झाकून
दोन पावलं मागे सरलो.
फासे न टाकता.